दोन दारं आणि तीन इंजिनं

गॅरेजच्या शेजारी दुकान थाटलं की दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, शटरवर काळं तेल आणि दुसरी, किस्से. तेल निदान दिवाळीच्या आधी रॉकेलनं पुसून काढता येतं! किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला घ्यावा, तर त्याच्या शेपटीला धरून दुसरा बाहेर येतो, आणि ऐकणारा घड्याळाकडे बघायला लागला तरी आपलं तोंड काही थांबत नाही.

अक्कलकोट रोडला माझं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून जब्बारमिस्त्रीचं गॅरेज. गोष्ट सत्तरनंतरच्या वर्षांतली, पेट्रोल महागलं होतं तेव्हाची. संध्याकाळी गॅरेजमध्ये आमची बैठक बसायची. मी, मिस्त्री, साखर पेठेत यंत्रमागाचा कारखाना असलेला मल्लेशअण्णा, आणि मोडनिंबचे सदूतात्या. तात्या विहिरीवरच्या पंपाचा एखादा पार्ट न्यायला यायचे आणि शेवटची एसटी चुकण्याची भीती वाटेपर्यंत बसायचे.

अण्णाबद्दल आधीच सांगून ठेवतो. तो मागाच्या खडखडाटात जन्मला, त्यातच वाढला. अशा माणसाला कुजबुज ऐकूही येत नाही आणि करताही येत नाही. "कुणाला सांगू नको हं," असं अण्णा ज्या आवाजात सांगायचा, तो आवाज रस्त्यापलीकडच्या सायकलवाल्याला जायचा! कारखान्यात तर सगळा कारभार हाताच्या खुणांनी. मूठ वर केली की माग बंद कर, तळहात पुढं ढकलला की चालू दे.

अशा माणसाला स्पोर्ट गाडीचा नाद लागला.

*

अक्कलकोटच्या पलीकडे कुणा छोट्या जहागीरदाराच्या गोठ्यात एक परदेशी गाडी पडून आहे, असं अण्णाला कळलं. लाल रंग, दोनच दारं, छप्पर इतकं बसकं की फेटा बांधलेल्या माणसानं नुसतं बाहेरून बघावं.

अण्णा गेला, भुलला, तिथल्या तिथं सौदा करून मोकळा झाला. हॉर्न वाजवून बघितला, सीट दाबून बघितली, आरशात भांग पाडून बघितला. एक बॉनेट तेवढं बघितलं नाही!

सौदा झाल्यावर, गाडी आणायला बरोबर नेलेल्या मिस्त्रीनं बॉनेट उचललं. आत दोन कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या.

"इंजिन कुटं हाय?" अण्णानं विचारलं.

जहागीरदाराचे कारभारी शांतपणे म्हणाले, "ते व्हय? ते पिठाच्या गिरणीला लावलंय की. तुमी गाडी मागितली, इंजिन कुटं मागितलं?"

शेवटी गाडी सोलापुरात आली ती दोन बैलांमागं. स्टिअरिंगवर अण्णा, काळा गॉगल लावून! वाटेत भद्रावती पेठ लागली. तिथं अण्णाची सासुरवाडी. व्यंकटेश आणि नरसिंग हे दोघं मेहुणे हार घेऊन रस्त्यात उभेच होते.

अण्णानं मान पुढं केली. मेहुण्यांनी हार बैलांना घातले.

*

त्या दिवशी अण्णानं घरी जाऊन मेहुण्यांचा उद्धार केला. तो काही नवा नव्हता. लग्न झाल्यापासून अण्णाच्या तोंडी त्यांची नावं व्यंक्या आणि नरश्या अशीच, आणि पुढं 'ऐतखाऊ' हे आडनाव. अंबुवहिनी इतकी वर्षं ऐकून घेत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र त्यांनी ट्रंक भरली.

"इंजिन नसल्याल्या गाडीपायी माज्या भावांना बोल्लात," त्या म्हणाल्या. "आता त्याच गाडीतनं मला न्यायला या. चालत आलात तर चहा मिळंल. मी मिळनार न्हाय."

माहेर किती लांब? साखर पेठेतून पायी निघालं तर विडा रंगायच्या आत पोचावं एवढं. पण रुसायला अंतर लागत नाही.

पहिले काही दिवस अण्णानं रुबाब केला. "बरं झालं, घर शांत झालं!" मग तो माझ्याकडे जेवायला येऊ लागला. भाकरी आणि शेंगाची चटणी निमूट खायचा. एकदा जेवता जेवता एकदम थांबला आणि म्हणाला, "कारखान्यात आवाज हाय रं. घरातच न्हाय."

मला फार वाईट वाटलं. अण्णा हळू आवाजात बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तेव्हापासून गाडीचं इंजिन हा आमच्या बैठकीचा खासगी प्रश्न राहिला नाही. तो संसाराचा प्रश्न झाला.

*

पहिलं इंजिन सुचवलं सदूतात्यांनी. दुष्काळात त्यांची विहीर आटली होती, वरचं डिझेल इंजिन बसून होतं.

"पेट्रोल कशाला जाळायचं?" तात्या म्हणाले. "आमचं इंजिन घ्या. लई दमाचं हाय. वाडवडलांपास्नं पानी उपसतंय, कदी कुरकुर न्हाय."

खरंच, त्यांनी ते बैलगाडीतून मोडनिंब स्टेशनवर आणि तिथून रेल्वेनं सोलापूरला आणलंसुद्धा! गॅरेजच्या अंगणात ते जमिनीवर ठेवून हँडल मारलं. चालू झालं. सगळ्या गल्लीत धूर. अण्णाचा चेहरा खुलला, कारण आवाज त्याला स्वच्छ ऐकू येत होता.

जरा वेळानं ते तापून लाल व्हायला लागलं. मिस्त्रीनं विचारलं, "तात्या, इसकू ठंडा कैसा करते तुम?"

"त्यात काय? पाटाचं पानी फिरवायचं की त्याच्या अंगावनं. चोवीस तास वाहतं ठिवायचं."

मिस्त्रीनं हँडल खाली ठेवलं. "मंग ऐसा करो अण्णा, गाडी के पीछे विहीर बांधो!"

*

दुसरं इंजिन एका जुन्या जीपचं. मोठं, दणकट, आणि बॉनेटमध्ये न मावणारं. मिस्त्री म्हणजे हार मानणारा माणूस नव्हे. त्यानं बॉनेटला चौकोनी भोक पाडलं. एअर फिल्टर त्यातून डोकं वर काढून रस्ता बघायचा.

गाडी चालू झाली आणि माझ्या दुकानातले बेअरिंगचे खोके फळीवरून चालायला लागले. अण्णा खूश! "ह्याला म्हन्त्यात इंजिन! चालू हाय ते कळतंय तरी!"

त्याच दिवशी स्वारी भद्रावती पेठेकडे निघाली. कन्ना चौकापर्यंत गाडी गेली, डावं दार साखर पेठेतच पडलं. चौकात रेडिएटरनं वाफ सोडली आणि सगळं थंडावलं. पण आवाज पुढं पोचला होता. मेहुणा नरसिंग सायकलवर येऊन वहिनींचा निरोप सांगून गेला.

"अक्का म्हन्ली, गाडी आना म्हन्ले होते, कारखाना नव्हं!"

अण्णा पडलेलं दार काखेत घेऊन परत आला. त्या संध्याकाळी त्यानं चहा घेतला नाही.

*

तिसरं इंजिन मिस्त्रीनं पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणलं. छोटं, परदेशी, पेट्रोलवरचं. बॉनेटमध्ये असं बसलं, जणू घरचंच होतं.

मग सुरू झालं ट्यूनिंग. जब्बारमिस्त्रीची पद्धत त्याची स्वतःची आणि तिचा त्याला भारी गर्व. इंजिन चालू करायचं, वर काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास ठेवायचा, आणि मग कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा केस इकडे, अर्धा केस तिकडे. चहावर लहर उठली की ट्यूनिंग कच्चं.

पहिल्या दिवशी ग्लास स्वतःच चालत कडेपर्यंत गेला आणि त्यानं उडी मारली. मग प्लग बदलले, पॉइंट घासले, टायमिंग पुढंमागं केलं. मिस्त्री बोलेनासा झाला, आम्हालाही बोलू देईना. आठवडेच्या आठवडे गेले. कँटीनवाल्या पोटफळ्याला वाटलं, आमचं चहाचं व्यसन वाढलं.

अखेर एका संध्याकाळी जमलं. इंजिन चालू, ग्लास वर, आणि चहा झोपल्यासारखा निवांत! मिस्त्री मला बोलवायला दुकानात आला. आम्ही परत जाऊन बघतो, तर ग्लास रिकामा. तात्या मिशा पुसत होते.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! नाप पी गया ये आदमी!"

"गार हुईत हुता," तात्या म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी अण्णाला गाडीत बसवलं. इंजिन चालूच होतं. अण्णानं कान दिला, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि किल्ली फिरवून सेल्फ मारला.

घर्रर्र! चालू इंजिनावर सेल्फ!

"चालूच है ना गाडी! कायकू मारते?" मिस्त्री ओरडला.

"हाय?" अण्णानं परत एकदा कान दिला. त्याचा विश्वास बसेना. खात्री करून घ्यायला त्यानं परत सेल्फ मारला.

सेल्फचे दात गेले. माझ्या दुकानात तसला पार्ट नव्हता, पुण्यातही मिळेना. म्हणजे आता धक्का मारल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती.

अण्णा पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "मिस्त्री, त्यात थोडा आवाज घाल की."

"आवाज निकालने कू मेरी जिंदगी गई, अब वापस डालूँ?"

शेवटी तोडगा निघाला तो कारखान्याच्या रीतीनं. आम्ही मागून धक्का मारायचा, आणि इंजिन लागलं की मिस्त्रीनं पुढं पळत येऊन लाल फडकं हलवायचं. फडकं दिसलं की चालू, नाही दिसलं की अजून बंद. डॅशबोर्डवरचे काटे कधीच झोपलेले होते, तेव्हा अण्णाला तेवढाच आधार.

*

आणि मग तो दिवस उजाडला. अण्णानं पांढरा शर्ट घातला, वहिनींसाठी गजरा घेतला. आम्ही गॅरेजपासून धक्का मारला, फडकं हललं, अण्णा निघाला. मी आणि मिस्त्री माझ्या स्कूटरवरून जवळच्या बोळानं साखर पेठेत, अण्णाच्या दारात जाऊन थांबलो. बरोबर येऊ नका, असं त्यानंच सांगितलं होतं. बायकोची समजूत काढायला साक्षीदार नकोत!

पुढचं आम्हाला नंतर व्यंकटेशनं सांगितलं. गाडी सासऱ्यांच्या दारात थांबली आणि अण्णानं सवयीनं किल्ली बंद केली. रिकामा माग चालू ठेवायचा नाही, हे त्याच्या अंगातच मुरलेलं. वहिनी दारात आल्या, गाडीला एक फेरी मारून बघितलं, आणि ट्रंक बाहेर आणली. ट्रंक आणि वळकटी मागच्या सीटवर चढली, मागची काच पार झाकून गेली. वहिनी पुढं बसल्या. गजरा माळला.

आणि अण्णाच्या ध्यानात आलं, की धक्का मारायला आता इथं दोनच माणसं आहेत.

त्यानं आधी आरशात भांग सारखा केला म्हणे. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "व्यंकटेश... राव. जरा हात लावता का?"

बहिणीची पाठवणी, भाऊ नाही कसं म्हणणार? दोघांनी लुंग्या खोचल्या आणि जोर लावला. मारुतीच्या देवळापाशी इंजिन लागलं. गाडी गिअरमध्ये आपली आपण, माणसाच्या चालीनं, पुढं सरकू लागली. मेहुण्यांनी हात झटकले आणि उरलेला चहा प्यायला ते घरी गेले. लाल फडक्याचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

इकडे आम्ही दारात उभे. कोपऱ्यावरून लाल गाडी वळली. संथ, झोकात, आवाज नाही, धक्का नाही. मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण गाडीच्या आधी ऐकू आला अण्णा. खिडकीतून कोपर बाहेर, नजर समोर, आणि खच्चून ओरडणं मागच्यांसाठी.

"शाबास व्यंकटेशराव! काय ताकद हाय तुमची! नरसिंगराव, दमला असाल, जरा हळू घ्या! आवो असलं मेव्हनं नशिबानं मिळत्यात! आमीच करंटे, वळखलं न्हाय! जेवल्याबिगर जायाचं न्हाय आज!"

गाडीमागं रस्ता मोकळा. लांबवर दोन शेळ्या तेवढ्या.

सगळी गल्ली ओट्यावर आली होती. मिस्त्रीनं घाईघाईनं खिशातून फडकं काढलं. तेवढ्यात वहिनींनी आतून त्याच्याकडे बघितलं आणि कारखान्याच्या रीतीनं तळहात हळूच पुढं ढकलला.

मिस्त्रीनं फडकं खिशात घातलं.

"बास, बास! आलं घर!" अण्णानं ब्रेक दाबला. गाडी आचका देऊन थांबली. तो उतरला, शर्ट नीट केला, हात जोडले आणि तसाच गाडीच्या मागं गेला.

जोडलेल्या हातांनीच त्यानं गाडीखाली वाकून बघितलं. मग पुढं आला.

"कुटं गेलं दोगं?"

"ते मारुतीपाशीच थांबलं," वहिनी म्हणाल्या.

"मारुतीपाशी? मग तू सांगायचंस की मला!"

वहिनींनी गजरा सारखा केला आणि सावकाश खाली उतरल्या.

"लगीन झाल्यापास्नं माज्या भावांचं कवतिक तुमच्या तोंडनं पयल्यांदा ऐकत हुते," त्या म्हणाल्या. "मदीच कशाला थांबवू?"