खालच्या आजोबांच्या चार मॅच

मुलींनो, हे मी मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही ते पाच मिनिटांत वाचून बाजूला ठेवाल. मराठीत असलं म्हणजे तुमच्या बाबाला शेजारी बसवून त्याच्याकडून वाचून घ्यावं लागेल, आणि हे त्यानेही ऐकावं असं मला वाटतं.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने विचारलं, "आजी, ते चार मॅचवाले आजोबा कसे आहेत?" मी सांगितलं की ते गेले, महिना झाला. मग मी मेलबर्नच्या हवेची चौकशी केली. फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. 'चार मॅचवाले' हे नाव आपल्या घरात माझ्यादेखत पडलं. ते खोटं नाही, पण तुम्हाला त्यातलं निम्मंच ठाऊक आहे. मला सत्त्याहत्तरावं लागलं आहे. गोष्टी अजून क्रमाने आठवतात, तोवर उरलेलं निम्मं लिहून टाकलेलं बरं.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. तुम्ही लहान असताना हॅम्बर्गला यायचात तेव्हा त्यांना 'खालचे आजोबा' म्हणायचात, म्हणून मीही तेच म्हणते. आमच्या इमारतीत जिना पुसायची पाळी असते. ज्याची पाळी त्याच्या दाराला आठवडाभर एक पाटी लटकते. तुमचे आजोबा गेले त्या आठवड्यात पाटी माझ्या दारावर होती आणि मला तिचं भान नव्हतं. चार दिवसांनी दार उघडलं, तर एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस माझ्या मजल्याच्या पायऱ्या पुसत होता. उजवा गुडघा न वाकवता, पाय बाजूला लांब करून. मी जर्मनमध्ये माफी मागितली. ते इंग्रजीत म्हणाले, "राहू द्या हो मिसेस, माझ्याकडे बादली भरलेलीच होती."

ते इंग्रजी ऐकून मी दारातच उभी राहिले. पुण्यात ज्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या वडिलांनी मला हट्टाने घातलं, तिथल्या सिस्टर्स आयर्लंडच्या होत्या. वडील खडकीच्या फॅक्टरीत फिटर, आमच्या घराण्यात शाळा पाहिलेले पहिले तेच, आणि मुलगी इंग्रजीत शिकणार म्हणजे शिकणार, असं त्यांनी ठरवलेलं. मी इंग्रजी शिकले ते त्या सिस्टर्सच्या तोंडून. इतक्या वर्षांनी जिन्यात तोच सूर आला. मी म्हटलं, "तुम्ही डब्लिनचे का?" ते म्हणाले, "आणि तुम्ही कुठल्या? तुमचे शब्द तर माझ्या मावशीसारखे आहेत."

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता ते चहाला यायचे. माझ्या पेन्शनच्या कामासाठी सरकारी कचेरीत तेच सोबत आले. त्यांचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं होतं. आम्ही तिथे दोन तास बसलो. मी सारखी घड्याळ बघत होते. ते म्हणाले, "थांबायची मला सवय आहे. माझा तोच धंदा होता." मला वाटलं, गोदीतल्या कामाबद्दल बोलताहेत. ते तीस वर्षं इथल्या गोदीत वेल्डर होते.

फुटबॉलचं त्यांनी पुढे सांगितलं. त्यांच्या लहानपणी डब्लिनच्या त्यांच्या शाळेत फुटबॉल हा परक्यांचा खेळ. तो खेळताना सापडलं तर शाळेच्या संघातून नाव जायचं. ते बूट आईच्या भाजीच्या पिशवीत, कोबीखाली लपवून न्यायचे. सतराव्या वर्षी इंग्लंडच्या एका मोठ्या क्लबचा माणूस घरी आला आणि पुढच्या आठवड्यात ते बोटीत होते. सहा वर्षं ते त्या क्लबचे खेळाडू होते. डाव्या बाजूचे बचावपटू. मग गुडघा गेला आणि खेळ संपला. पुढे कामासाठी हॅम्बर्गला आले, इथे लग्न केलं आणि राहिले. फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. पण शनिवारी टीव्हीवर मॅच लागली की ते मला समजावून सांगायचे, आणि तुमचे आजोबा नसलेले शनिवार त्यामुळे सुसह्य झाले. याबद्दल मी त्यांचे आभार कधी मानले नाहीत. ते त्यांना आवडलंही नसतं.

आता ती मॅचची गोष्ट. थोरले, तू तेव्हा नुकतीच शाळेच्या टीममध्ये घेतली गेली होतीस. ते माझ्याकडे चहाला आले असताना कॉलवर मी तुझी त्यांच्याशी पुन्हा ओळख करून दिली. "हे इंग्लंडमध्ये सहा वर्षं खरे फुटबॉलपटू होते." तू लगेच दुसऱ्या फोनवर त्यांचं नाव शोधलंस. आणि म्हणालीस, "आजी, वेबसाइटवर आहेत ते. पण फक्त चार मॅच. सहा वर्षांत चार."

धाकटी हसली. ती सात वर्षांची होती, तिला चार हा आकडाच गमतीदार वाटला. खालचे आजोबाही हसले. म्हणाले, "बरोबर आहे. चारच." मग चहा संपवून ते खाली गेले.

तुझी काहीच चूक नव्हती. जे लिहिलेलं होतं ते तू वाचलंस. चूक केली ती मी, पुढच्या गुरुवारी.

त्या गुरुवारी त्यांनी चहाला हात लावला नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या मुलीने हे कधी बघितलं तर?" त्यांची मुलगी ब्रेमेनला शाळेत शिकवते. तिने आयुष्यभर ऐकलेलं की पप्पा फुटबॉलपटू होते. "मी कधी आकडा सांगितला नाही तिला. खोटं बोललो नाही. पण तिला वाटेल, मी बोललो."

मी म्हटलं, "आपण नीट लिहून काढू." तुम्हाला माहीत आहे, लग्नाआधी मी पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात होते. हजेरीपट, गुणपत्रकं, दाखले हे माझं काम. मी नवी वही काढली, पट्टीने रेघा मारल्या. पहिला रकाना हंगाम, दुसरा मॅच, तिसरा गोल, चौथा शेरा. त्यांना एकेक वर्ष विचारत गेले आणि भरत गेले. शून्य. शून्य. तीन. एक. शून्य. शून्य. गोलाच्या रकान्यात सहा शून्यं. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे ती शून्यं फारच सुबक आली.

त्यांनी वही हातात घेतली, लांब धरून पाहिली. "सुंदर लिहिलंय, मिसेस. माझ्याबद्दल इतकं सुंदर कुणी लिहिलं नव्हतं."

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जिन्यात भेटले की हवेबद्दल बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात मी करंज्यांचा डबा घेऊन खाली गेले. दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. मी दारातूनच सांगितलं, "मी त्या वहीतलं पान फाडलं." हे मला सोपं गेलं नव्हतं. मी वहीचं पान कधी फाडत नाही, शिलाई सैल होते.

ते म्हणाले, "कशाला? त्यात चुकीचं काहीच नव्हतं."

"मी चुकीचं विचारलं. मला सांगा, शनिवारी मॅच असायची तर शुक्रवारी तुम्ही काय करायचात?"

त्यांनी थोडा विचार केला आणि दारातून बाजूला झाले. "बसा. शुक्रवारला वेळ लागेल."

शुक्रवारी दुपारी क्लबच्या फळ्यावर दोन कागद लागायचे. एकावर पहिल्या संघाची अकरा नावं, दुसऱ्यावर राखीव संघाची. ते आधी दुसरा कागद बघायचे. त्यावर नाव सापडलं की पहिला बघायची गरज नसायची आणि वाईट वाटायचं नाही. पण कधी कधी दुसऱ्यावर नाव नसायचं आणि पहिल्यावरही नसायचं. म्हणजे ते बारावे.

हे मला कळायला वेळ लागला, तेव्हा तुम्हालाही सांगते. थोरले, तुझ्या मॅचमध्ये कुणाला लागलं की दुसरी मुलगी आत जाते. त्या काळी तसं नव्हतं. मॅच सुरू झाल्यावर खेळाडू बदलताच येत नसे. पाय मोडला तरी उरलेले दहा जण खेळायचे. म्हणून परगावी जाताना क्लब एक बारावा माणूस न्यायचा, कुणी ऐन वेळी आजारी पडला तर हाताशी असावा म्हणून. तोही सकाळच्या गाडीने सगळ्यांबरोबर जायचा. कपड्यांची मोठी पेटी उचलू लागायचा. बूट चढवून तयार बसायचा. मग तीनची मॅच सुरू व्हायला दहा मिनिटं असताना मॅनेजर आत यायचे, अकरा जणांकडे बघायचे आणि म्हणायचे, "ठीक आहे पोरा, थँक्यू." की याने बूट काढायचे, कपडे बदलायचे आणि बाकावर जाऊन मॅच बघायची. याची नोंद कुठेही होत नसे. खेळलाच नाही, तर नोंद कसली.

"किती वेळा बारावे होतात तुम्ही?" मी विचारलं. सवय जात नाही.

"मोजलं नाही. पण स्टेशनं सगळी आठवतात."

त्या हिवाळ्यात आम्ही वही लिहिली. ते बोलायचे, मी लिहायची, आणि या वेळी मी काही नीटनेटकं केलं नाही. पहिल्या दोन-तीन गुरुवारी हात शिवशिवायचा. ते मध्येच पाचव्या वर्षावरून पहिल्यावर यायचे. पाचवं वर्ष तर निव्वळ थांबण्यात गेलं. दुसरा एक छोटा क्लब त्यांना मागत होता, पण मोठ्या क्लबने कागद सोडले नाहीत. करार संपला तरी नाव त्यांच्याकडेच अडकलेलं, असा नियमच होता. मी विचारलं, राग नाही आला? ते म्हणाले, "आला ना. पण सकाळी गवतावर धावायला मिळायचं. माझा भाऊ तेव्हा डब्लिनच्या गोदीत कोळसा भरत होता."

इंग्लंडमध्ये ते जिच्याकडे खोली घेऊन राहायचे, ती घरमालकीण शुक्रवारी दारातच विचारायची, "वर की खाली?" वर म्हणजे पहिला संघ. तिला 'बारावा' ही भानगड पटत नसे. म्हणायची, "म्हणजे तुला इतक्या लांब नेतात आणि खेळू देत नाहीत? जेवायला तरी घालतात का?" आणि ज्या शनिवारी ते खरोखर पहिल्यांदा खेळले, तेव्हा ती मैदानावर आली होती, आणि पाऊस लागल्यावर मागच्या माणसांचं न ऐकता छत्री उघडून बसली होती. त्या मॅचचं त्यांना एवढंच स्पष्ट आठवत होतं. चेंडू भिजून इतका जड झालेला की डोक्याने मारला तर शिवण कपाळावर उमटायची, आणि मधोमध ती काळी छत्री.

नाताळात त्यांची मुलगी आली. त्यांनी मलाही खाली बोलावलं. केक झाल्यावर म्हणाले, "वाचा, मिसेस." मी इंग्रजीत वाचू लागले. ते खिडकीकडे तोंड करून बसले. चार या आकड्यापाशी आल्यावर मी थांबले.

मुलगी म्हणाली, "पुढे वाचा ना."

ते वळले नाहीत. "चारच मॅच आहेत. तुला माहीत असावं म्हणून."

"माहीत आहे मला, पप्पा."

"वेबसाइटवर बघितलंस?"

"कसली वेबसाइट? मी दहा वर्षांची होते तेव्हा ममाने सांगितलं. म्हणाली, पप्पा चार मॅच खेळलेत, आणि किती ते त्यांना कधी विचारायचं नाही. मी कधी विचारलं का?"

"नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. आता ऐकू दे मला. त्या बाराव्याचं ममाने काही सांगितलं नव्हतं."

ते खूप हसले. इतकी वर्षं बायको आणि मुलगी दोघी त्यांना सांभाळत होत्या आणि हे आपले त्यांना. मग ते खिडकीपासून उठून आमच्याजवळ येऊन बसले आणि मी वाचताना मध्ये मध्ये दुरुस्त्या करू लागले. मुलीने मला स्टेशनं दोनदा वाचायला लावली.

त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं ते होते. गुरुवार पुन्हा सुरू झाले. थोरले, तुझ्या मॅचचे व्हिडिओ ते माझ्या फोनवर बघायचे आणि विशेषतः बाकावरच्या मुली बघायचे. एकदा तू बाकावर होतीस आणि रुसून बसली होतीस. ते म्हणाले, "तिला सांगा, बूट काढू नकोस." तो निरोप मी तुला दिला होता. तू "का?" म्हणून विचारलंस, मी म्हटलं नंतर सांगेन. आता सांगितलं.

शेवटी ते दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. प्रार्थना त्यांच्या चर्चमध्ये झाली. घरी येऊन मी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि वंदना म्हटली. एका जिन्यात इतकं चांगलं माणूस मिळालं, याहून जास्त मागण्यासारखं मला काही सुचलं नाही.

ते मैदान आता नाही, तिथे घरं झाली आहेत. बूट त्यांनी स्वतःच टाकून दिले होते. त्या संघातलं कुणी हयात असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. वेबसाइटवर चार हा आकडा आहे आणि तो बरोबर आहे. वही ब्रेमेनला त्यांच्या मुलीकडे आहे. तिची झेरॉक्स प्रत माझ्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात, निळ्या फायलीत आहे.