घराचं नाक

जेवणं उरकतात, भांडी पालथी पडतात आणि सुलभा सोप्यात चटईवर पाठ टेकते. पाचच मिनिटं, असं ती स्वतःला बजावते. चार वाजता ठेकेदार येणार आहे. माळ्यावर बुरशी आलीय, वासे काळे पडलेत, तेव्हा छप्परच उतरवून वर स्लॅब टाकू, असं त्याचं म्हणणं आहे. तिचे यजमान बाळकृष्ण मान डोलावून मोकळे झालेत. आज होकार दिला की उद्या कौलं खाली. आजऱ्याच्या पावसात सत्तर वर्षं हे घर ताठ उभं राहिलं, आणि मामंजींना जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्याला ही अवकळा यावी, हे तिच्या जिवाला फार लागलंय.

पंखा घुमतो. त्याच्या घुमण्यात हळूहळू दुसरा एक आवाज मिसळतो. उंबऱ्यापाशी कोणीतरी चपला नीट लावतंय. डोळे न उघडताच तिला कळतं. आल्यागेल्याच्या चपलासुद्धा जोडीनं, टाचा भिंतीला लावून ठेवणारा माणूस या घरात एकच होता. दाजीबा गुरुजी, तिचे सासरे.

"मामंजी, तुम्ही?"

"बघवेना गं," गुरुजी कमरेवर हात ठेवून म्हणतात. "ऊठ. माळ्यावर जाऊया."

ती उठते, तरी चटईचा गारवा तिच्या पाठीला तसाच राहतो. शिडीला पायऱ्या सातच, पण आज त्या दगडी आहेत, रुंद आहेत, आणि वर कुठेतरी घंटा होते. माळ्यावर वर्ग भरलेला. दोन्ही बाजूंना वासे ओळीनं उभे, तोंडं काळवंडलेली, माना खाली. भिजून आलेल्या पोरांच्या दप्तरांना येतो तसा कोंदट वास सुटलाय.

गुरुजी खिशातून पोती शिवायचं दाभण काढतात आणि पहिल्या वाशाला टोचतात. दाभण टोकाशीच अडतं.

"हजर," गुरुजी म्हणतात.

ते अंगठ्यानं वासा पुसतात. काळं निघून येतं आणि खाली पिवळंधमक लाकूड दिसतं. "वरवरची आहे. आत शाबूत आहे हे." दुसरा हजर. तिसरा हजर. सुलभा त्यांच्या हाताकडे बघत राहते. एकाही वाशाला ते घाईनं उरकत नाहीत. पन्नास पोरांत कोण उपाशी आलंय ते हजेरी घेता घेता ओळखणारे हे गुरुजी, लाकडालाही तसंच वागवतात. तिचा ऊर भरून येतो.

अकराव्या वाशात दाभण मऊ कणकेत शिरावं तसं आत जातं.

"हा तेवढा गैरहजर. बदला याला."

"एवढा एकच?"

"एकच की. एक पोरगं नापास झालं म्हणून शाळा पाडतात व्हय?"

सुलभाला हसूही येतं आणि रडूही. "पण बुरशी आली कुठून, मामंजी? छप्पर तर कुठं गळत नाही."

"पावसाचं नाही, तुमचंच पाणी आहे हे." ते फळ्याकडे बोट करतात. फळ्याच्या जागी स्वयंपाकघरातल्या वाफ ओढणाऱ्या पंख्याचा पाइप आहे आणि त्याच्या तोंडातून सकाळच्या भाताची वाफ अजून निघतेय. "बाहेर न्यायची ती इथं आणून सोडलीत. बरं, आली तर आली. जाणार कुठून? नाक कुठाय?"

नाक! दर उन्हाळ्यात कौलं शाकारून झाली की मामंजी खालून ओरडायचे, "नाक तेवढं मोकळं ठेवा रे!" गडी धुळीनं शिंकत असायचे, म्हणून ते त्यांच्या काळजीनं सांगतात, अशी सुलभाची समजूत. आढ्याजवळची दोन कौलं मात्र दरसाल खाली लाकडाची चीप सरकवून उचललेली राहायची. म्हाताऱ्या माणसाला आता दिसत नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आधी तिनं ती दोन्ही कौलं सरळ करून घेतली आणि वर सिमेंट थापलं. मामंजींचं राहून गेलेलं काम पुरं केलं म्हणून त्या दिवशी तिचे डोळेही भरले होते.

"ते नाक मीच बुजवलं," ती कशीबशी म्हणते. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

"वीस वर्षं विसरलो होय गं?"

तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ज्याला वाकडी चप्पल बघवत नाही, त्या माणसानं गावादेखत दोन कौलं वाकडी ठेवली, लोक हसले तरी ठेवली. आणि आपण त्यालाच अधू ठरवलं.

"मग नीट सांगितलं का नाहीत?"

"सांगत होतो की. दरसाल, ओरडून." गुरुजी खो खो हसतात. मग पानाची डबी उघडून ते तिच्या अंगठ्याला चुना लावतात. "अकराव्यावर खूण कर. बाकीच्यांना पुसून, वाळवून चुन्याचा हात द्या."

ती अंगठा दाबते. वर कुठेतरी कौल सरकतं, उजेडाची तिरीप येते, वारा शिरतो, आणि वर्गभर वासे माना वर करतात. गुरुजी आता पार खाली उंबऱ्यात दिसतात.

"थांबा ना, मामंजी!"

"चपला लावल्यात. आता माझं काय काम?"

"अगं ऊठ," बाळकृष्ण तिचा खांदा हलवताहेत. "ते आलेत. होय म्हणून टाकू ना?"

ठेकेदार दारात उभा आहे. सुलभा उठून बसते आणि पदर सावरताना तिचा हात मध्येच थांबतो. उजव्या अंगठ्याला चुना आहे, ओला. मामंजी गेल्यापासून या घरात कोणी पान खात नाही. चुन्याची डबी तर त्यांच्याबरोबरच गेली.

"त्यांना चहा द्या," ती म्हणते, "आणि शिडी लावा."

"आत्ता? कशाला?"

सुलभा पोत्यांच्या टोपलीत दाभण शोधतेय. अंगठा ती पुसत नाही.

"हजेरी घ्यायचीय."