पान्याला हात न लावणारे साडू

आमच्या साडूंसारखा ट्रॅक्टरचा जाणकार शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही, आणि घोड नि भीमा वाहताहेत तोवर होणारही नाही. मी सांगतो ना! तसे ते मेकॅनिक नव्हतेच. यवतला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसत आणि आलेल्या गिऱ्हाइकाला पार्ट न देताच परत पाठवत. "पंप न्यायला आलाय व्हय? पंपाला काय धाड भरलीया? आधी तेल बघा जावा!" दुकानाचे मालक कपाळाला हात लावत, पण साडूंना काढत नसत. कारण असा खर्चातून वाचलेला माणूस पुन्हा दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसे.

ट्रॅक्टर दिसला की त्यांचं भान सुटे. त्यातही लिफ्ट, म्हणजे मागचं औजार तेलाच्या दाबानं वरखाली करणारे ते दोन हात, हा अगदी जिव्हाळ्याचा विषय. माझ्या लग्नात अक्षतांच्या वेळी थोरले जावई कुठं गेले म्हणून शोधाशोध झाली, तर हे वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरमागं उकिडवे बसलेले! फोटोत त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर तेलाची काळी बोटं अजून दिसतात.

तपासायची तऱ्हाही जगावेगळी. पान्याला हात लावायचा नाही आणि मालकाला काही विचारायचं नाही. "मालक कवाच खरं बोलत न्हाई. इचारायचं ते मालकिणीला." यवतजवळच्या एका बागायतदारानं देवाशपथ सांगितलं, की मी कशाला हात लावला नाही, लिफ्ट आपोआप बसली. साडूंनी ओट्यावरच्या बाईंना विचारलं. "चार दिस झालं, भावाच्या ट्रॅक्टरला तेल काढून दिलंया की त्यांनी," बाई म्हणाल्या. बागायतदार गोठ्याकडं निघून गेला.

एक दिवस माझी पाळी येणार, हे मला कळायला हवं होतं. कवठे येमाईला आमची ज्वारीची पेरणी होती. परतीच्या पावसानं उघडीप दिली आणि जमिनीला झकास वाफसा आला. पण वाफसा म्हणजे दोन-तीन दिवसांचा पाहुणा. ओल गेली की ज्वारी गेली. त्या माळाला विहिरीचं पाणी नव्हतं, आणि वर्षाची भाकरी त्याच चार एकरांवर. मी पेरणी यंत्र लिफ्टवर उचलून रुबाबात वावरात नेलं, लिव्हर खाली केली, तर यंत्र खालीच येईना! हवेत लटकलेलं. लिव्हर खालीवर करून झाली, शिव्या घालून झाल्या, हात जोडून झाले. शिरूरहून मेकॅनिक आणला. "लिफ्ट खोलावी लागंल. आठ दिस धरा," तो म्हणाला. आठ दिवस! बूथवरून यवतला फोन लावला. "खोलू देऊ नगा. येतोच," एवढं बोलून साडूंनी फोन ठेवला.

सकाळच्या एसटीनं ते आले. मेकॅनिक पान्यांची पिशवी घेऊन तयारच होता. साडूंनी बांधावर चपला काढल्या आणि ट्रॅक्टरभोवती तीन फेऱ्या मारल्या.

"साडूभाऊ, मी काय बी केलेलं न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. न्याहारी घेऊन आलेल्या माझ्या बायकोला विचारलं, "मेव्हणीबाई, शेवटाला काय केलं व्हतं ह्याला?"

"काय न्हाई दाजी, खंडेनवमीची पूजा. निम्मा दिस घासत व्हतं हे! घरातलं एक ताट कवा घासलं न्हाई, आन् त्या सीटखालच्या मुठीला फडकं लावून फिरवून फिरवून चमकवत बसलं व्हतं."

साडू गालात हसले. सीटखाली हात घातला आणि ती मूठ उलटी फिरवली. तेल परत जायची वाट मीच घासता घासता बंद करून ठेवली होती! सूंऽऽ असा आवाज झाला आणि यंत्र म्हशीनं बसावं तसं निवांत मातीवर टेकलं. मी आरोळीच ठोकली. मेकॅनिक "आयला!" म्हणून खाली बसला. बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. ही हकिकत तिनं गावभर केली, पण त्या दिवशी मला कशाचं वाईट वाटत नव्हतं. पेरणी साधणार होती!

"पहिलं तास तुम्हीच मारा," मी साडूंना म्हणालो. ते नाही-नाही म्हणाले, पण बसले. मान वळवून मागं पडणाऱ्या ओळीकडं बघत त्यांनी या बांधापासून त्या बांधापर्यंत एक तास मारलं, मग दुसरं, आणि दिवस मावळेतो चारही एकर पेरूनच खाली उतरले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की या माणसाच्या नावावर वाफाभरसुद्धा जमीन नाही. दुसऱ्यांच्या किती पेरण्या त्यांनी साधून दिल्या होत्या!

ज्वारी निघाल्यावर पहिलं पोतं मी यवतला नेऊन टाकलं. साडूंनी पोत्याच्या तोंडाची शिवण उसवली, मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि एक दाणा दाताखाली फोडून पाहिला. मग घरात हाक मारली, "अगं, भाईर ये. आपल्या वावरातली ज्वारी आलीया."