भट्टीपुढची जागा

कॉफी कशी भाजता, असं कोणी विचारलं की भट्टीवाल्या काकू त्याला आधी स्टुलावर बसवत आणि मग म्हणत, "गप्प बसून." खोटं नव्हतं ते. लग्न होऊन आल्यापासून त्या लोखंडी पिंपाचा दांडा त्यांच्याच हाती. खाली मळ्यातल्या छाटलेल्या फांद्यांचा जाळ, आत बिया. बिया तापल्या की तडतडतात, मग जरा शांत होतात, आणि दुसरी, बारीक तडतड जोर धरायच्या आत पिंप उघडायचं. एवढीच काय ती विद्या, पण ती सगळी कानात.

आणि कानांनीच दगा दिला होता. काकूंनी ही गोष्ट कोणाला म्हणजे कोणाला कळू दिली नाही. नवरा गेल्यावर या घरात आपली म्हणावी अशी ही भट्टीपुढची जागाच उरली होती. तीही गेली तर आपण नुसत्या जेवणापुरत्या उरू, ही भीती त्यांना आतून खात होती. मग त्यांनी सगळा भार नाकावर टाकला. भाजल्या पावासारखा वास सुटला की पिंप उघडायचं. लोकांचं बोलणं त्यांच्या ओठांवरून ताडायचं. नाक तिखट, त्यामुळे निभावून गेलं.

मळा सून बघायची. मागच्या खोल्या तिने पाहुण्यांसाठी काढल्या तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "आपली कामं करायला लोक पैसे देऊन येतील? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" पण आली की पोरं! पाठीवर बोचकी, स्वतःच्या बाटल्या, स्वतःचे कप. फोलपटांचं काय करता, धुतलेलं पाणी कुठे सोडता, फळं वेचणाऱ्या बायकांना मजुरी पुरते का, प्रश्नांचा नुसता भडिमार. वर जेवल्यावर ताटं घासून पालथी घालायची. काकूंचा जीवच जडला त्यांच्यावर. "तू कधी उचललं होतंस का ताट," असं त्या येता-जाता मुलाला ऐकवायच्या.

त्या सकाळी असाच एक घोळका भट्टीभोवती कोंडाळं करून बसला. झाडीत डास फार, पण औषधाचा फवारा मारतील तर ही पोरं कसली. सगळ्यांनी हातापायांना गवती चहाचं तेल चोपडलं होतं. काकूंच्या नाकात त्या तेलाशिवाय दुसरं काही शिरेना. त्या आपल्या पावाच्या वासाची वाट बघत दांडा फिरवत राहिल्या.

सून पलीकडे हौदावर फळं धूत होती. तिच्या कानावर दुसरी तडतड आली.

"आई, उघडा."

काकू फिरवतायत.

"आई, जळतंय."

काकू एका मुलीकडे बघून हसतायत. सून धावत आली, पिंप उघडलं, आणि धुराचा लोट सगळ्यांच्या तोंडावर आला. एकाने फोटोही काढला. बिचाऱ्याला वाटलं, असंच असतं.

कोळसा झालेल्या बियांकडे बघत काकू उठल्या. "तूच बस आता," त्या म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

सुनेला राग आला होता. बिया गेल्याचा नव्हे, एका घरात राहून आपल्याला हे कळलं नाही याचा. ओठ दिसतील अशी ती सासूसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मला कुठे भाजता येतं, आई? मला नुसतं ऐकू येतं."

मग तिने दुसरा घाणा टाकला, काकूंना हाताला धरून बसवलं आणि मागे उभं राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी आधी खांदा आक्रसून घेतला, मग सैल सोडला. पोरांनीही न सांगता तोंडं मिटली. पहिली तडतड झाली तशी खांद्यावरची बोटं दाबली गेली, काकूंनी जाळ कमी केला. पिंप फिरत राहिलं. मग पुन्हा बारीकसं काही टिचकलं, आणि सुनेची बोटं भीत भीत हलली.

काकूंनी झटक्यात पिंप उघडलं. छान तपकिरी बिया परातीत ओतता ओतता, मान न वळवता, त्या म्हणाल्या, "पुढच्या घाण्याला जरा जोर लावून दाब. म्हातारी आहे मी, लोण्याची नाही."