बिनरंगी पागा

पागाकाकांच्या घोड्यांना पायाला बोटं असत. पुढच्या पायांना चार, मागच्यांना तीन. पाच कोटी वर्षांपूर्वीचा, कुत्र्याएवढा घोडा ते तळहातावर मावेल असा रेझिनमध्ये ओतत. "पणजोबांनी संस्थानच्या पागेतले घोडे सांभाळले, मी घोड्यांचे पणजोबा सांभाळतो," असं पाहुण्यांना ऐकवत. काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ओतकामासाठी लाकडी नमुने घडवण्यात त्यांची उमर गेली. मग नवी यंत्रं आली आणि 'आता हातकामाची गरज नाही' असं सांगून कारखान्याने त्यांना लवकर घरी बसवलं. काकांनी गॅलरीला काचा लावल्या आणि तिथे पागा काढली.

घोडे कोरेच ठेवायचे, हा पागेचा कायदा. शेजारचे रमणभाई म्हणत, "आ तो बकरी छे, काका. जरा ब्राउन कलर मारो ने."

"एनो कलर तमे जोयो छे?"

"ना."

"में पण नथी जोयो." मग माझ्याकडे वळून मराठीत, "जो रंग पाहिला नाही, तो द्यायचा नाही. घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर द्यावा."

परदेशातल्या एका हौशी मंडळाने त्यांच्या प्रदर्शनासाठी बारा कोरे घोडे मागवले, तेव्हा ती ईमेल सायबर कॅफेत मी वाचली आणि छापून आणली. त्यामुळे मी स्वतःला निर्यात विभागाचा प्रमुख समजू लागलो. काकांनी मात्र तो कागद चार दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवला. त्यांच्या हातांची गरज असल्याचं बऱ्याच वर्षांनी कोणीतरी लेखी कळवलं होतं.

बारा घोडे दसऱ्याआधीच तयार झाले. आमच्या घरी दसऱ्याला घोड्याची पूजा असते. घोडा नसल्यामुळे दोन पिढ्या पणजोबांच्या खोगिराच्या रिकिबीवरच भागवत होत्या. काका देवळात गेले होते. मला वाटलं, घरात बारा घोडे असताना रिकीब कशाला? पाट मांडला, बाराही कपाळांवर ओली हळद आणि कुंकू लावलं, आरतीसुद्धा म्हटली. एवढी भक्ती मी परीक्षेच्या दिवसांतही दाखवली नव्हती.

मग पागेचा कायदा आठवला, पण डाग काही केल्या निघेनात. काकू म्हणाल्या, "हळद उन्हात उडते." म्हणून मी घोडे गच्चीवर ठेवले. आश्विनातलं बडोद्याचं ऊन. दुपारपर्यंत हळद फिकट झाली, कुंकू तसंच राहिलं आणि रेझिन मऊ पडून बाराही घोडे बारीक पाय वाकवून खाली बसले.

काका आले, गच्चीवर गेले. ओळीने बसलेली पागा त्यांनी पाहिली. त्यांचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाकडे गेला. पार्सल आठ दिवसांत निघायला हवं होतं.

"थई जशे," ते म्हणाले. 'होऊन जाईल', हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. "साचा शाबूत आहे ना? मग झालं तर. तू पूजा केलीस, आता मोतद्दारी कर, घोड्यांना खरारा कर."

आठ दिवस ते ओतत होते आणि मी साच्याने उठलेल्या शिवणी बारीक पॉलिशपेपरने घासत होतो. एका घोड्याची चौदा बोटं, असे बारा घोडे. सातव्या घोड्याच्या वेळी मी विचारलं, "काका, एखादं बोट कमी चालेल?" ते भिंग न काढता म्हणाले, "त्याला विचार. स्वतःच्या पायावर उभं राहायचंय त्याला." पार्सल वेळेवर गेलं. पुढे मागण्या येतच राहिल्या, आणि निर्यात विभागप्रमुखाची नेमणूक घासकामावर कायम झाली.

काकू गेल्यावर काका मुलीकडे नागपूरला निघाले. साचे बांधून झाल्यावर त्यांनी मला एक डबी दिली. आत त्या बारांपैकी एक घोडा होता. गुडघे टेकलेला, कपाळावर कुंकू.

"हा ठेवलात? रंग लागलेला?"

"ह्याचा रंग आपण पाहिलाय," काका म्हणाले.

काका तिकडेच वारले, त्याला आता सहा वर्षं झाली. दसऱ्याला पाटावर रिकिबीशेजारी तो बसलेला असतो. त्याच्या कपाळावर कुंकू लावताना मी अजूनही आधी काकांची परवानगी मागतो.