आधी भुऱ्याचा पट्टा

तायडेकाकांची गाडी निघायला नेहमी उशीर व्हायचा. त्यात गाडीचा काही दोष नव्हता. काका आधी मागचं दार उघडत, भुऱ्याला सीटवर चढवत, त्याच्या छातीभोवतीचा पट्टा सीटच्या बेल्टमध्ये अडकवत आणि खेचून पाहत. दार लावत. स्टेअरिंगपर्यंत जात आणि तिथून परत येऊन पुन्हा दार उघडत, पुन्हा खेचून पाहत. भुऱ्या हे सगळं निमूटपणे सोसायचा.

मी तेव्हा मोताळ्याच्या कॉलेजात शिकवायला नुकताच लागलो होतो आणि बुलढाण्यात त्यांच्या शेजारी खोली घेऊन राहत होतो. एकदा माझी बस चुकली. काका फाटकातूनच म्हणाले, "चाला सर, मी तिकडंच वावरात जाऊन राह्यलो." मी पुढचं दार उघडायला गेलो तर त्यांनी हात आडवा केला. "थांबा. आधी भुऱ्याचा पट्टा, मंग आपन."

मला हसू आलं. तांबूस रंगाचं, एक कान दुमडलेलं साधं गावठी कुत्रं ते. "काका, चालत्या गाडीतून कुठे पळणार आहे तो?" मी म्हणालो. ते हसले नाहीत. राजूर घाटात एका वळणावर त्यांनी गाडी अगदी हळू केली. तिथे कठड्याचा एक तुकडा नव्या सिमेंटने भरलेला होता. मोताळ्याला उतरताना मी "येतो काका" म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

हे असं का, ते मला घरमालकांकडून कळलं. काकांनी सारी नोकरी बस चालवण्यात काढली होती आणि कधी एखादी सायकलही त्यांच्या बसला घासली नव्हती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पांढरी गाडी घेतली. त्यांच्या पत्नीचं, सिंधूकाकूंचं माहेर वडनेर भोलजीचं. तिथूनच त्यांनी भुऱ्याला पिल्लू असताना पदरात गुंडाळून आणलं होतं. असेच एकदा दोघं वडनेरहून परतत होते. काकू पुढे बसलेल्या, भुऱ्या त्यांच्या मांडीवर. घाटात रस्त्याच्या कडेला माकडांची टोळी दिसली आणि भुऱ्याने खिडकीकडे झेप घेतली, ती काकांच्या हातांवरून. गाडी कठड्यावर गेली. काकू जागच्या जागी गेल्या. काकांचा पाय अधू झाला. भुऱ्याला खरचटलंही नव्हतं.

त्यांची एकुलती मुलगी वर्षा अकोल्याला दिलेली. तेराव्यानंतर तिने सांगितलं, "बाबा, हे कुत्रं घरात असेल तं मी या घरात येनार नाई." काकांनी भुऱ्याला ठेवून घेतलं आणि वर्षा खरंच यायची बंद झाली. दिवाळीला फोन करायची, तोही तब्येतीपुरता.

पुढे आमचं जाणं-येणं वाढल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, "काका, त्याला दुसरीकडे का नाही दिलंत?"

"काऊन देऊ? माकड पाहून कुत्रं उडी मारनारच. त्याले काय समजते? त्याले बांधून ठेवाचं काम मानसाचं होतं."

पट्टा त्यांना लतीफभाईंनी शिवून दिला होता. लतीफभाईंचं बसस्थानकामागे गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान. काका आधी भुऱ्याला गळ्यातल्या साखळीनेच सीटला बांधायचे. एकदा समोर बकरी आली म्हणून ब्रेक दाबला, तर त्याला फास बसला आणि त्याचे डोळे पांढरे झाले. काका तसेच त्याला उचलून लतीफभाईंकडे गेले. दोघांनी मिळून जुन्या सीटबेल्टच्या पट्ट्या कापल्या आणि छातीवरून, पुढच्या पायांमागून जाणारा पट्टा बेतला. "गल्यावर जोर नको, छातीवर येऊ द्या," लतीफभाई म्हणत होते. तो पट्टा पुढे इतका झिजला की दोनदा बदलावा लागला. पाऊस असो, ऊन असो, त्याच्याशिवाय ती गाडी हलली नाही. मी कधी घाई केली, तर काका म्हणत, "सर, ब्रेक मारला की गाडी थांबते. आतलं नाई थांबत."

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी एकदा आम्ही चहाला थांबलो होतो. शेजारी एक मोटार उभी राहिली. पुढच्या सीटवर एक बाई, तिच्या मांडीवर लहान मुलगी आणि मुलीच्या मांडीवर पांढरं झुबकेदार पिल्लू. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि लंगडत तिकडे गेले.

"ताई, लेकराले अन् पिल्लाले मांगं बसवा. पिल्लाले बांधा."

गाडीवाला तरुण खेकसला, "काका, तुमचं काय जाते? आमी काय पहिल्यांदा चाल्लो का?"

"माही बायको गेली बापू," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. "घाटात. कुत्रं असंच मांडीवर होतं. गाडी मी चालवत होतो."

तरुणाने मान खाली घातली. बाई उतरली आणि मुलीला घेऊन मागे बसली. पिल्लाला बांधायला त्यांच्याकडे काही नव्हतं. काकांनी आपल्या गाडीतून भुऱ्याचा जुना पट्टा आणला, वाकून तो पिल्लाला बसेल एवढा आवळला आणि बेल्टमध्ये अडकवून दिला. ती गाडी निघून गेल्यावर काका आपल्या गाडीत येऊन बसले. किल्ली लावेनात. मागून भुऱ्या कुंईकुंई करत राहिला.

गेल्या पावसाळ्यानंतर काकांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात ठेवावं लागलं तेव्हा मी वर्षाला कळवलं. ती आली. केस बरेच पिकले होते, बापासारखं कपाळ. उशाशी बसून ती हळूच म्हणाली, "बाबा, आता तरी द्या न त्या कुत्र्याले कोनाले. मी नेते तुमाले अकोल्याले."

मी उठून बाहेर जायला लागलो, तर काका म्हणाले, "बसा सर. कोनी असलं तं मले बोलता येईन."

मग वर्षाकडे न पाहता ते बोलू लागले. "तुही माय त्याले मांगं बांधून ठेवा म्हने. तिनं दोरी काढली होती पिशवीतून. तो रडत होता. मीच म्हतलं, कायले बांधतं, घे मांडीवर, एवढ्याशा रस्त्यानं काय होते."

वर्षा त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुमी मले सांगतलं नाई."

"नाई. तू कुत्र्यावर राग धरला, मी धरू देला. वाटलं, कुत्र्यावर हाय तं हाय, निदान फोन तं करते. माह्यावर धरला असता तं तोही बंद झाला असता."

ती उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने तिने पर्स उचलली. "येते," म्हणाली. कोणाला म्हणाली, ते कळलं नाही. त्या संध्याकाळच्या गाडीने ती अकोल्याला परत गेली.

काका घरी आले, पण नंतर त्यांनी गाडी चालवली नाही. ओट्यावर बसून राहत. दिवाळीत फोन आला नाही. मी म्हणालो, "काका, नसतं सांगितलं तर?" ते म्हणाले, "तिच्याच हक्काचं होतं ते, सर. मी दडपून ठेवलं होतं." पौषात, एका दुपारी झोपेतच ते गेले.

वर्षा आली, सगळं रीतीने केलं, कोणाशी फारशी बोलली नाही. तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. आत पंगत बसत होती. ती बाहेर आली आणि ओट्याच्या पायरीवर टेकली. म्हातारा भुऱ्या कोपऱ्यातून उठला, अडखळत तिच्याजवळ आला आणि तिचे हात हुंगू लागला. तिने हात मागे घेतले नाहीत. आतून तिला जेवायला हाका येत होत्या. तिने भुऱ्याचं तोंड मांडीवर घेतलं आणि त्याच्या कपाळावर आपलं कपाळ टेकून ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.