ताईचं ऑपरेशन आणि माझे उंदीर

यवतमाळला एम.फार्म. करत होते तेव्हा मी उंदरांची हाडं झिजवत होते. हसू नका, तेच काम होतं. हाडजोडीच्या वेलाचा अर्क ठिसूळ हाडांवर चालतो का हे बघायचं, तर आधी हाडं ठिसूळ व्हायला हवीत. त्यासाठी माद्यांची अंडाशयं काढायची. काहींचं पोट नुसतं उघडून, काहीही न काढता, परत शिवायचं, तुलनेसाठी. कोणाचं काय काढलं ते पिंजऱ्यावरच्या चिठ्ठीत लिहायचं. चिठ्ठी विसरली की सर अख्ख्या लॅबसमोर पाणउतारा करायचे.

शेवटी मांडीचं हाड मशिनमध्ये धरून मोडायचं. अंडाशयं काढलेल्या माद्यांचं पटकन मोडायचं. तो फरक बघून मी चक्क खूश व्हायचे.

त्याच सुमारास पांढरकवड्याला आईचं मनगट मोडलं. पडली नाही, काही नाही, नुसती भरली बादली उचलली. हाडं ठिसूळ झालीत म्हणे. बत्तीसाव्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली होती, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं, "आई, पिशवीसोबत आणखी काय काढलं होतं?"

"मले काय मालूम? मी तं बेहोश होती. तुह्या बाबाले ट्रेमधे दाखवलं होतं."

बाबा म्हणाले, "मी कायले पाहू? तोंड फिरवलं न् सही केली."

घ्या! माझ्या एकेका उंदराची नोंद होती, आईची नाही. असा संताप आला, पण काढायचा कोणावर?

त्यातच ताईचं ऑपरेशन ठरलं. ती छत्तीसची. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं, अंगात रक्त उरलं नव्हतं. पिशवी काढणं भागच होतं. घोळ होता तो अंडाशयांचा. ठेवली आणि पुढे त्यातच काही भलतं निघालं तर? काढली तर तिची हाडं? आठ दिवस माझं डोकं चालेना. उंदीर म्हणजे काय बाई आहे? त्यांचं तीन महिन्यांत होतं ते ताईचं किती वर्षांत होईल, की होणारच नाही? सरांना विचारलं तर ते म्हणाले, "थिसिसवर लक्ष द्या."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी डॉक्टरांसमोर बसलो. ते म्हणाले, "सोनोग्राफीत अंडाशयं तशी चांगली दिसतात. पण सोबतच काढून टाकू, पुढची कटकट नको."

ताई माझ्याकडे वळली. "तू सांग वं. तू तेच तं करून राह्यली ना तिकडे."

अगं ताई, मी उंदरांवर करते, माणसांवर नाही, हे अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, "ठेव."

डॉक्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "का ठेवायची?"

"माह्या बहिणीनं म्हटलं म्हणून," ती म्हणाली, आणि निवांत सही करून मोकळी झाली.

अगं, मला नाही माहीत, मला खरंच काही माहीत नाही, असं ओरडावंसं वाटलं. मी उठले, तोवर नर्सनं तिला आत नेलं होतं.